दगडी बाकावरची जागा

न्याहारीच्या टेबलाशी सासऱ्यांनी काठी थोरल्या सुनेच्या हातात दिली आणि धाकटीला म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. बाकावर बस."

एवढंच बोलले. पण थोरलीचा कप बशीत असा काही आदळला की पावाला लोणी लावत बसलेल्या नणंदेनं मान वर करून पाहिलं, आणि नणंदेचं लक्ष गेलं म्हणजे गोष्ट गावभर झाली असं समजायचं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, बाकावर कोण बसतं यात कप आदळण्यासारखं काय आहे? बाहेरचा माणूस तिकीट काढून येतो, टेकाडावरच्या त्या दगडी बाकावर टेकतो, समोर तळं बघतो, तळ्यापलीकडच्या रानाला पडलेली फट बघतो, फटीतली पांढरी घुमटी आणि पाण्यातलं तिचं रूप बघतो, आणि निसर्गाची काय करणी म्हणून मान डोलावतो. कसली निसर्गाची करणी घेऊन बसलात? पणजोबांनी त्या वेळच्या मालकाच्या हौसेपायी दलदल उपसून तळं केलं, रानातलं झाडन् झाड हातानं लावलं, घुमटी बांधून घेतली. निसर्गावर सोडलं असतं तर दोन पावसाळ्यांत त्यानं घुमटी गिळून ढेकर दिली असती.

म्हणून दर वर्षी, बंद ठेवलेली बाग लोकांसाठी उघडायच्या आदल्या दिवशी, या घरात देखावा मोकळा करतात. एकानं बाकावर बसायचं. दुसऱ्यानं लांब बांबूच्या टोकाला पांढरं कापड बांधून पलीकडच्या रानात शिरायचं आणि फटीच्या कडेच्या एकेका फांदीला काठी लावत जायचं. बसणाऱ्याला जी फांदी नको वाटेल तिथं त्यानं हात वर करायचा. हात वर झाला की करवत चालायची. तळ्यावरून आवाज पोचत नाही, त्यामुळे बोलणं नाही, हाका नाहीत, नुसता हात. आणि एकदा वर गेलेला हात खाली घ्यायचा नाही, कारण मन बदलत बसलं की फांदी अर्धी कापून राहते आणि झाड तिथून सडत जातं. नियम म्हणजे नियम.

मालक गेले, विश्वस्त मंडळ आलं, तिकीट खिडकी आली, जुन्या काचघरात चहाचं दुकान आलं. पण बाग सांभाळायची या घरानंच, हे काही बदललं नाही. आणि पुढची बाग कुणाची, हे कागदावर यायच्या आधी बाकावर ठरतं, हेही घरातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. सासऱ्यांना त्यांच्या वडिलांनी असंच एका सकाळी शेजारी बसवलं होतं आणि त्याच आठवड्यात किल्ल्या दिल्या होत्या. आज दुपारी मंडळाच्या अध्यक्षबाई जेवायला येणार होत्या. सासरे काम सोडणार, हे सगळ्यांना कळलेलं होतं. कुणाचं नाव सांगणार, तेवढं राहिलं होतं.

आणि थोरलीच्या हातात काठी आली होती.

लग्न होऊन आल्यापासून तिनं तीच धरली होती. नवऱ्याला पंप आणि करवत सोडून तिसऱ्या गोष्टीत रस नव्हता, म्हणून सासऱ्यांनी सुनेला रानात नेलं. कुठल्या झाडाला पाणी चढतं, कुठलं आतून पोकळ आहे, कुठल्या फांदीवर घरटं आहे, हे तिला झोपेत विचारा. पण या दिवशी त्या बाकावर ती एकदाही बसली नव्हती. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, असं मनाशी म्हणत राहिली होती.

"बाबा, कप उजवीकडे आहे," धाकटी म्हणाली. "गरम आहे हं, जपून."

लाड बघा, थोरलीनं मनात म्हटलं. कप उजवीकडे आहे म्हणे. उद्या घासपण भरवेल.

---

"मी तुला मागेच म्हटलं होतं, वहिनी," नणंद अवजारांच्या खोलीत शिरत म्हणाली. थोरली काठीला नवं कापड बांधत होती, आणि गाठ बसत नव्हती. "बाबा तिच्यात गुंतलेत. जातील तिथं तिच्या खांद्यावर हात. मी माहेरी आल्यापासून बघतेय. माझ्या खांद्यावर कधी ठेवला त्यांनी?"

"त्यांची मर्जी," थोरली म्हणाली.

"मर्जी काय मर्जी. ही आली कालपरवा. नवरा बोटीवर, हिला करमत नाही, म्हणून पाहुण्यांना बाग दाखवत फिरायला लागली. गोड बोलते, गोष्टी रंगवून सांगते. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्यांवर बाग चालते का?"

हे सगळं थोरलीचंच म्हणणं होतं, अगदी शब्दन् शब्द. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते जरा कडू लागलं. धाकटीच्या मागून जाणारी पाहुण्यांची रांग तिनं किती वेळा पाहिली होती. सासरे त्या रांगेच्या पुढं, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, मध्येच थांबून एखाद्या पानाला कुरवाळत, आजोबांच्या काळातल्या गमती सांगत. थोरलीला त्यांनी कधी गमती सांगितल्या नव्हत्या. तिला सांगितलं ते हे छाट, ते उपट, हे चुकलं. अलीकडे तर तेही बंद झालं होतं. वाफ्यात तण गुडघाभर वाढलं तरी म्हातारा शब्दानं बोलत नाही, नुसता बाजूनं निघून जातो. बोलणी खाण्याइतकीसुद्धा आपली किंमत उरली नाही, याचं तिला रडू यायचं. रडू आलं की ती कुदळ घ्यायची.

"तुझ्या जागी मी असते ना," नणंद म्हणाली, "तर काठी तिच्याच हातात दिली असती. जा म्हटलं असतं, चिखलात."

"तुम्ही नाही आहात माझ्या जागी, वन्सं."

नणंद वेगळ्याच आवाजात म्हणाली, "खरंय. मी याच घरात जन्मले, आणि मला काठीसुद्धा मिळाली नाही."

दुसऱ्या कुठल्या दिवशी थोरली या वाक्यापाशी थांबली असती. आज तिनं दातांनी गाठ आवळली आणि बाहेर पडली.

---

रानात ओल होती. करवत खांद्यावर टाकून नवरा मागून येत होता आणि तळ्याच्या पंपाचा वॉशर कसा झिजलाय ते सांगत होता. थोरली ऐकत नव्हती. झाडांच्या कडेशी आल्यावर तिनं तळ्यापलीकडे पाहिलं.

टेकाडावर दोन माणसं बसली होती. सासऱ्यांचा काळा कोट, आणि त्याला चिकटून धाकटीचं पिवळं जाकीट. नणंद जरा मागं, थर्मास घेऊन. इतक्या लांबून चेहरे दिसत नाहीत, पण पिवळं जाकीट दिसत होतं. ते थोरलीच्या डोळ्यांत असं खुपत होतं की पाणी यावं.

काम सुरू झालं. तिनं उजवीकडून सुरुवात केली. पहिल्या फांदीला कापड लावलं, पुढं गेली. दुसरीला लावलं. ही फांदी यंदा फार पुढं आली होती, म्हणून ती थांबली. पलीकडे हात वर झाला. नवऱ्यानं करवत चालवली. पुढं दोन फांद्या सोडल्या, तिसरीपाशी थांबली, हात वर झाला. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि तेच तिला सहन होईना. म्हणजे जमतंय की हिला. बाकावर आज पहिल्यांदा बसली आणि जमतंय.

असं करत ती देवदारापाशी आली.

आता या देवदाराची गोष्ट अशी, की त्याची खालची आडवी फांदी कुणालाही आडमुठी वाटेल. फटीच्या डाव्या अंगाला ती ऐसपैस पसरलेली, पाहुणे म्हणतातसुद्धा की ही काढली तर देखावा किती मोठा होईल. पण तिच्यामागं, बागेच्या भिंतीपलीकडे, पाण्याची टाकी आहे. करड्या सिमेंटची, चार खांबांवर उभी, बघवत नाही अशी. टाकी बांधली तेव्हा सासरे जेवायचे बंद झाले होते. मग एका सकाळी बाकावरून उठून तडक रानात आले आणि या फांदीवर हात ठेवून थोरलीला म्हणाले, "हिनं वाचवलं. हिला कधी हात लावायचा नाही." तेव्हापासून दर वर्षी थोरली या फांदीला काठी टेकवल्यासारखी करायची आणि न थांबता पुढं जायची.

आज ती थांबली.

का थांबली, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिला बघायचं होतं. गोष्टी सांगणारीला टाकी ठाऊक आहे की नाही? म्हाताऱ्यानं हेही हिला सांगून ठेवलंय, की एवढं एक तरी माझ्यासाठी राखलंय? सांगितलं असेल तर हात वर होणार नाही. आणि सांगितलं नसेल, तर हात वर होईल आणि मग बाकावर कुणाला बसवलं ते सगळ्या घराला कळेल. तिनं कापड फांदीवर टेकवलं आणि हलवलं नाही.

पलीकडे त्या चिकटून बसलेल्या दोघांमधून हात वर गेला.

थोरलीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला.

पण लगेच पिवळं जाकीट उभं राहिलं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवेतिडवे हलवायला लागलं. नको, नको, नको. इतक्या लांबूनही दुसरा कुठला अर्थ निघत नव्हता.

"झाला का हात वर?" बुंध्यामागून नवऱ्यानं विचारलं. त्याला तिथून तळं दिसत नव्हतं.

थोरलीनं पिवळ्या जाकिटाकडं पाहिलं. ते आता टेकाडावरून खाली धावत सुटलं होतं.

"झाला," ती म्हणाली.

"ही? अगं, ही तर आपण ठेवतो ना?"

"हात वर झाला म्हटलं ना. वर गेलेला हात खाली घेता येत नाही. नियम म्हणजे नियम."

"बाबांनी केला?"

"बाकावर जो बसलाय त्यानं केला. तुम्ही कापा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. पंपाबाहेरचं काही कळत नाही असं सगळे म्हणायचे त्याला, पण बायकोचा आवाज त्याला कळत असावा. तरी त्यानं वाद घातला नाही. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याशी कधीच वाद घातला नव्हता, आणि आजचा दिवस त्यासाठी चांगला नव्हता असं त्याला वाटलं असेल. करवत सुरू झाली. भुसा तिच्या बुटांवर पडत राहिला. फांदी पडली तेव्हा रानातले सगळे पक्षी एकदम उठले.

---

पुलाशी धाकटी भेटली. जाकिटाची बाही फाटली होती, गुडघे चिखलानं भरले होते, श्वास लागला होता.

"वहिनी, मी हात हलवत होते. दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले," थोरली म्हणून गेली, आणि मग सावरून घेत म्हणाली, "आधी वर केलास, मग हलवायला लागलीस. आधी वर केला तो धरायचा असतो. एवढंही सांगितलं नाही का तुला बाबांनी? बाकी सगळं सांगतात."

"मी नाही केला वर."

"मग कुणी केला? माझ्या नवऱ्यानं?"

धाकटी तिच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. "वर चला, वहिनी," ती म्हणाली. "बाबा एकटे आहेत."

एकटे कसले, नणंद होती की. दोघी टेकाडावर पोचल्या तेव्हा नणंद थर्मास छातीशी धरून उभी होती, आणि तिचं तोंड आधीच सुरू होतं.

"बघ, बघ काय करून ठेवलंस," ती धाकटीवर घसरली. "मी या डोळ्यांनी पाहिलंय, हातवारे हीच करत होती. वहिनीची काय चूक, ती बिचारी इशाऱ्याची ताबेदार. अध्यक्षबाई जेवायला येतायत, आणि समोर ती टाकी. बाबा, आता तरी बोला काहीतरी."

थोरलीनं अजून वळून तळ्याकडं पाहिलं नव्हतं. ती सासऱ्यांकडं बघत होती. ते बाकावर ताठ बसले होते, तळ्याकडं तोंड करून. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. समोर टाकी उघडी पडलेली असताना हा माणूस इतका शांत कसा?

"थोरली आली का?" त्यांनी विचारलं.

ती त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर उभी होती.

थर्मासचं झाकण नणंदेच्या हातून सुटलं आणि दगडावर घरंगळत गेलं.

"आले, बाबा," थोरली म्हणाली.

"बस."

"बाबा, तुम्हाला—"

"बस म्हटलं ना. माझ्या शेजारी."

अशी ती त्या बाकावर बसली. दगड गार होता. इतकी वर्षं तिनं या जागेचा विचार केला होता, पण दगड गार असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

"गेली काही वर्षं मला फांद्या दिसत नाहीत," सासरे म्हणाले. "कापड दिसायचं, पांढरं, हलताना. तू ते नेत असायचीस. जिथं तू थांबायचीस तिथं मी हात वर करायचो. बस्स. माझं काम एवढंच उरलं होतं. लोक येऊन म्हणायचे, यंदाचा देखावा काय उघडलाय, तुमची नजर म्हणजे नजर. मी हसायचो. काय सांगणार होतो?"

"मला सांगायचं होतंत," थोरली म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू थांबताना घाबरली असतीस. मला ठाऊक आहे तुला. आणि खरं सांगू का, लाज वाटली. तुला इतकी वर्षं बोललो, हे चुकलं, ते चुकलं. आता मलाच वाफ्यातलं तण दिसत नाही हे कुठल्या तोंडानं सांगू?" त्यांनी कोटाची बाही सारखी केली. "हिला सांगितलं नाही. हिनं ओळखलं. एकदा पायरी चुकलो, तेव्हा हिनं खांदा पुढं केला. तेव्हापासून तो आहे."

नणंद खाली बसली होती, सरळ गवतावर. "बाबा, मला एक फोन नाही केलात," ती म्हणाली. आणि मग, सवयच ती, तोंड थोरलीकडं वळवून, "आणि तुला घरात राहून कळलं नाही, वहिनी?"

सगळं थोरलीच्या डोळ्यांसमोर होतं. खांद्यावरचा हात, पानांना कुरवाळणं, उजवीकडचा कप. सगळं तिनं पाहिलं होतं, रोज, बारकाईनं, आणि प्रत्येक गोष्टीनं तिचा जळफळाट झाला होता. जळण्यातच इतकी गुंतली होती की म्हातारा आंधळा होत चाललाय हे तिला दिसलं नव्हतं.

"यंदा कापडही दिसेना," सासरे पुढं म्हणाले. "म्हणून हिला घेऊन बसलो. हिला म्हटलं, तू काही ठरवू नकोस, कापड थांबलं की नुसतं सांग. हिनं सांगितलं, थांबलं. मी हात वर केला."

"तुम्ही केलात," थोरली म्हणाली.

"मग कोण करणार? ही लगेच म्हणाली, बाबा, ही देवदाराची आहे, टाकीवरची. हात ओढून खाली घ्यायला लागली माझा. मी म्हटलं, सोड. थोरली तिथं कधी थांबत नाही. थांबली आहे म्हणजे आतून किडली असणार, खाली माणसं जातात, कुणाच्या डोक्यात पडायची. तिला आत काय आहे ते कळतं." त्यांनी मान तिच्याकडं वळवली. डोळे तिच्या कानाच्या जरा वर कुठंतरी टेकले. "किडली होती ना?"

टेकाडावर वारा होता. धाकटी फाटकी बाही हातानं धरून उभी होती.

होय म्हणायला काय लागत होतं? फांदी खाली पडली होती. नवऱ्यानं तोंड उघडलं नसतं. म्हातारा काही बघायला जाणार नव्हता. आणि पुरता विश्वास ठेवून बसला होता, तिच्या एका थांबण्यावर. थोरलीनं आता कुठं मान वळवून समोर पाहिलं.

पाणी होतं. फट होती. घुमटी होती, पाण्यात तिचं रूप होतं, आणि हे सगळं इतकं सुंदर होतं की तिला क्षणभर कळेना, हे आपण केलंय? या फांद्या आपण निवडल्यात? आणि घुमटीच्या डाव्या खांद्यावर चार खांबांची करडी टाकी येऊन उभी होती. पाण्यातही उभी होती. जिथं बघावं तिथं तीच दिसत होती.

"नाही," थोरली म्हणाली. "चांगली ठणठणीत होती."

"मग का थांबलीस?"

धाकटी मध्येच म्हणाली, "बाबा, चूक माझीपण आहे. मी आधीच धावायला हवं होतं, हातवारे करत बसले."

झालं. यातही हिनंच बाजी मारली. इतक्या सगळ्या लाजेत, मान वर करायची सोय नसताना, थोरलीला तोच जुना हेवा वाटला. हिला चांगलं वागायलासुद्धा कसं चटकन जमतं.

"तू गप्प बस," ती धाकटीला म्हणाली, आणि सासऱ्यांकडं वळली. "हिची परीक्षा बघायला थांबले. तुम्ही हिला शेजारी बसवलंत, ते मला बघवलं नाही. हिनं नको म्हटलेलं मला दिसलं होतं. तरी कापायला लावली."

सासऱ्यांचा हात चाचपडत बाकावरून आला, तिच्या मनगटापाशी लागला आणि तिथंच राहिला.

"हात माझा होता गं," ते म्हणाले. रागावले असते तर तिनं ते सोसलं असतं.

"अध्यक्षबाईंना मी तुझं नाव केव्हाच सांगितलंय," ते म्हणाले. "आज त्या जेवायला येतायत त्या तुला भेटायला. माझं काही बदललेलं नाही. माझ्यासाठी ती फांदी अजून जागेवरच आहे. मी या बाकावर बसेन तेव्हा मला तीच दिसणार. टाकी तुला बघायची आहे, रोज. मोठं झाड रात्रीतून येत नाही."

नणंदेनं नाक ओढलं. तिनं एकदा थोरलीकडं पाहिलं, एकदा धाकटीकडं, आणि आता कुणाची बाजू घ्यायची ते न समजून थर्मासचं झाकण शोधायला लागली.

"तिथं काय लावशील?" सासऱ्यांनी विचारलं.

थोरलीनं रोपवाटिकेच्या दिशेला पाहिलं. "सुरूचं झाड. रोपवाटिकेत दोन पुरुष उंचीचं एक आहे, मोठ्या कुंडीत. सरळ वाढतं, लवकर वाढतं."

"मग जेवणाआधी लागू दे. खड्डा कुठं घ्यायचा ते इथून ठरवावं लागेल. काठी कुणाकडं आहे?"

काठी बाकाला टेकवलेली होती. थोरली सवयीनं उठायला लागली, तर मनगटावरचा हात घट्ट झाला.

"तू बस," सासरे म्हणाले.

धाकटीनं काठी उचलली. टेकाड उतरून, पूल ओलांडून ती पलीकडं गेली आणि झाडांत दिसेनाशी झाली. मग देवदाराच्या बुंध्याशी पिवळा ठिपका दिसला आणि त्याच्यावर पांढरं कापड. इथून माणूस एवढासा दिसतो, हे थोरलीला ठाऊक नव्हतं. तोंड दिसत नाही, राग दिसत नाही, थकवा दिसत नाही. इतकी वर्षं मीही एवढीशीच दिसत होते, तिनं मनात म्हटलं.

कापड डावीकडे सरकलं. फार डावीकडे गेलं, परत आलं. जरा मागं गेलं, भिंतीच्या बाजूला. पुन्हा पुढं आलं. आणि थांबलं.

"थांबली का?" सासऱ्यांनी विचारलं.

"थांबली."

"बरोबर जागी?"

थोरलीनं डोळे बारीक केले. कापड टाकीच्या अगदी मधोमध उभं होतं. झाड तिथं लागलं तर घुमटीला धक्का लागणार नव्हता आणि टाकी पुरी झाकली जाणार होती, आज नाही, पण कधीतरी. तिनं स्वतः काठी धरली असती तर तीही नेमकी तिथंच थांबली असती. आणि हिला तिथून देखावा दिसत नव्हता. कुणी शिकवलंही नव्हतं. नुसती चार पावलं इकडे तिकडे करून ही बरोबर जागी येऊन उभी राहिली होती.

एक क्षण थोरलीला वाटलं, हात वर करूच नये. हिला अजून हलू द्यावं, इकडून तिकडे, दमेपर्यंत. कुणाला कळणार होतं? म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, आणि पलीकडच्या पिवळ्या ठिपक्याला फक्त हात कळत होता. कापड हलत नव्हतं. वाट बघत होतं.

"काय झालं?" सासरे म्हणाले. "चुकली का?"

"नाही," थोरली म्हणाली. "बरोबर आहे."

"मग कर हात वर."

तिनं हात वर केला. तो वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. पलीकडे पिवळ्या जाकिटानं काठी जमिनीत रोवली, दोन्ही हातांनी दाबून घट्ट केली, आणि तिच्याजवळ उभं राहिलं. थोरलीनं हात तसाच धरून ठेवला.